‘किती पुस्तकं वाचलीस?’ – याच्या पुढचा प्रश्न

(सिंगापूरच्या आपल्या मासिक बैठकीत एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. – संपादक)



मला आज ‘माझं वाचन’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. इथे बसलेल्या बऱ्याच काका-मावश्यांनी मला शाळेच्या गणवेशात पाहिलं आहे, त्यामुळे मी काही विद्वत्तापूर्ण बोलेन अशी तुमची अपेक्षा नसावी. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासाबाहेर, कुणी न सांगता मी काय वाचते आणि वाचनाची उद्दिष्टं ठरवताना माझं काय चुकत गेलं, एवढंच सांगते.

सुरुवात प्रायमरी फोरपासून. आमच्या शाळेत सकाळी सगळ्यांनी हॉलमध्ये बसून शांतपणे पुस्तक वाचायचं, असा नियम होता. शिवाय एक छोटी वही मिळायची. वाचलेल्या पुस्तकाचं नाव, पानं, दोन ओळींचा अभिप्राय, आणि दर दहा पुस्तकांना एक चांदणी. वर्षाचं उद्दिष्ट आपणच ठरवायचं. मी ४० लिहिलं आणि ५२ वाचली! बक्षीस मिळालं, आईने फोटो भारतात पाठवले. आता खरं सांगते. मी एकाच मालिकेतली बारीक बारीक पुस्तकं निवडायचे. काही आधीच वाचलेली होती. शेवटी शेवटी तर मागचं कव्हर वाचून अभिप्राय लिहिले. त्या ५२ पैकी आज मला एकही नीट आठवत नाही.

२०१६ साली इथल्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने वाचनाची देशव्यापी चळवळ सुरू केली. तिची तीन आवाहनं होती : जास्त वाचा, वेगवेगळं वाचा, एकत्र वाचा. मोठी झाल्यावर लक्षात आलं की माझ्या वहीत फक्त पहिल्याचा हिशोब होता. कारण तेवढंच मोजता येतं.

आता मराठीकडे येते. इथे शाळेत मातृभाषा हा सक्तीचा विषय आहे. भारतीय मुलं तमिळ घेतात, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एखादी भाषा. त्यात मराठी नाही. त्यामुळे माझ्या प्रमाणपत्रावर माझी मातृभाषा हिंदी आहे. आईला याचं वाईट वाटतं. मला एक फायदा झाला, देवनागरी पक्की झाली. ओ लेव्हलची परीक्षा संपल्यावर मी ठरवलं की वर्षात १२ मराठी पुस्तकं वाचायची. एक्सेलमध्ये तक्ताही केला. मार्च संपला तेव्हा दीड पुस्तक झालं होतं.

एक कारण सोपं होतं. इंग्रजीचं पान मी मिनिटा-दीड मिनिटात वाचते, मराठीच्या पानाला पाच मिनिटं लागत होती. दर महिन्याला एक हा आकडा मी इंग्रजीच्या वेगावरून काढला होता. दुसरं कारण आमच्या कपाटात होतं. भारतातून येताना बॅगेचं वजन जास्त भरलं की गोडा मसाला आत राहतो आणि पुस्तकं बाहेर निघतात, हे तुमच्याही घरी होत असेल. त्यातून जी तगली ती विनोदी पुस्तकं, प्रवासवर्णनं आणि शिवकालावरच्या दोन जाड कादंबऱ्या. चांगली आहेत. पण सगळी आमच्यासारख्या घरांतल्या लोकांनी आमच्यासारख्या घरांसाठी ठेवलेली. मला तोपर्यंत वाटत होतं की मराठी साहित्य म्हणजे एवढंच.

तेव्हा आपल्यातल्याच एका काकांनी मला दया पवार यांचं ‘बलुतं’ दिलं. १९७८ साली ‘ग्रंथाली’ने ते प्रसिद्ध केलं. ग्रंथाली ही वाचकांची चळवळ म्हणून उभी राहिली, हेही मला त्यांनीच सांगितलं. या आत्मकथनात शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि गावातला दगडू मारुती पवार असे एकाच माणसाचे दोन भाग एकमेकांशी बोलतात. पुस्तक जाड नाही, पण मला अडीच महिने लागले. अडलेले शब्द मी लिहून ठेवायचे आणि रविवारी आजीला फोन करून विचारायचे.

एका रविवारी मी विचारलं, “आजी, येसकर म्हणजे?” आजी सहज म्हणाली, “अगं, आपल्याकडं यायचा की सांजच्याला भाकरी मागायला. मी लग्न होऊन आले तवा तर रोज यायचा. वरनं टाकायची टोपल्यात, हात लागू द्यायचा न्हाई.” आणि मग ती थांबली. फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही. नंतर तिने माझ्या जेवणाची चौकशी केली.

आजीचं लग्न १९६३ सालचं. महारांची वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झालेली होती. म्हणजे कायदा झाला आणि आमच्या दारात भाकरी वरून पडतच राहिली.

त्या रात्री जेवताना मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “ते सगळं जुनं झालं.” मी पुढे काही बोलले नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर ‘बलुतं’ बाबांच्या उशाशी होतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “माझ्या वर्गात त्या येसकराचा नातू होता. गणितात माझ्यापेक्षा हुशार होता. दहावीनंतर तो कुठे गेला, मी कधी विचारलंच नाही.” बाबांनी स्वतःबद्दल इतकं मोकळेपणाने मला पहिल्यांदाच सांगितलं.

मग मी आणखी शोधत गेले आणि मुक्ता साळवे भेटली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमच्याजवळ धर्माचं पुस्तक नाही, मग आमचा धर्म कोणता, असं ती त्यात विचारते. मी शाळेत असताना चांदण्या चिकटवत होते. तीही विद्यार्थिनीच होती. पण कोणती पुस्तकं कुणाच्या हाती येतात, हा प्रश्न तिला पडला. मला तो पडला नाही, कारण माझ्या हाती सगळीच येत होती.

या वर्षीची माझी उद्दिष्टं सांगून थांबते. पहिलं, पुस्तकांऐवजी वेळ मोजायचा. कॉलेजला जाताना एमआरटीत अर्धा तास मराठी, मग पाच पानं होवोत की दोन. दुसरं, दर तीन पुस्तकांनंतर चौथं अशा माणसाचं, ज्याचं आयुष्य माझ्यासारखं नाही. सध्या उर्मिला पवारांचं ‘आयदान’ चालू आहे, त्यानंतर बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. तिसरं, वाचून झाल्यावर एका तरी माणसाला एक तरी प्रश्न विचारायचा. कंटाळा आला तर पुस्तक सोडायची परवानगीही मी स्वतःला दिली आहे, कारण न सोडण्याच्या हट्टापायी मी दोन महिने काहीच वाचलं नव्हतं. गेल्या वर्षी १२ पैकी ५ पुस्तकं झाली. वहीच्या हिशोबाने मी नापास आहे.

तुम्हा मोठ्यांना दोन विनंत्या. मुलांना ‘किती वाचलीस?’ असं विचारू नका, ‘कुठे अडलीस?’ असं विचारा. आणि ती अडली की उत्तर द्यायची तयारी ठेवा, कारण प्रश्न तुमच्या घराबद्दलचाही असू शकतो.

डिसेंबरात आम्ही गावी जाणार आहोत. बाबांनी त्यांच्या वर्गमित्राचा पत्ता शोधायला सुरुवात केली आहे. अजून मिळालेला नाही. आजीलाही मी विचारलं आहे, की त्या येसकराचं नाव काय होतं. ती म्हणाली, “आठवून सांगते.”