मुंबईहून कलकत्त्याला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. कैरीची डाळ आणि पन्हे करायला सांगितले असते, तर शंभर माणसांचे आनंदाने केले असते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही मुंबईहून येऊन इथे रुळलात कशा, तेवढेच सांगा. बदलीवर नव्याने येणाऱ्या बायकांना उपयोग होईल." मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठे विचार माझ्यापाशी नाहीत. घडले तसे सांगते.

२०१४ च्या जूनमध्ये यजमानांची बदली झाली आणि आम्ही बिऱ्हाड हलवले. रात्री मुंबईला हावडा मेलमध्ये बसलो, मध्ये एक अख्खा दिवस गेला, आणि दुसरी रात्र सरून कलकत्ता आले. मुलगी सहा वर्षांची होती. मला वाटत होते, मुंबईसारखेच हे मोठे शहर. गर्दी तीच, धावपळ तीच. एका शहराची सवय असली की दुसरे काय कठीण?

पण गिरगावातल्या आमच्या चाळीत दार लोटलेले दिसले तरी शेजारीण विचारी, "काय गं, बरे आहे ना?" इथे भवानीपुरात घर मिळाले ते तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचे सरकते दार. ते ओढले की आपण आत आणि जग बाहेर. बाजारात गेले तर समुद्राचे बोंबील-बांगडे कुठले! सगळीकडे नदीतले रुई-कातला, आणि कोळी भल्यामोठ्या विळीवर ते कापतोय. सरसूच्या तेलाच्या वासाने पहिले पंधरा दिवस माझे डोके चढे.

सर्वांत जड जाई ती संध्याकाळ. कलकत्ता मुंबईच्या पुष्कळ पूर्वेला. घड्याळ सगळ्या देशाचे एकच, पण सूर्य इथे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. डिसेंबरात तर पाच वाजताच दिवेलागण! मुंबईला ज्या वेळी मी गॅलरीत उभी राहून चार बायकांशी बोलत असे, त्या वेळी इथे देवापाशी दिवा लावून, दार बंद करून बसत असे. यजमान रात्री नऊला येत. तेवढा वेळ मी आणि मुलगी. एकदा तर परत जायचेच म्हणून मी ट्रंक भरायला घेतली होती.

शेजारच्या घरात एक वयस्कर बाई, त्यांचा मुलगा, सून आणि तान्हा नातू. जिन्यात भेटल्या की हसत. मीही हसे आणि आत जाई. भाषा येत नाही, उगाच कशाला कोणाला त्रास द्यायचा, असे माझे मन. घरातली साखर संपली तर बिनसाखरेचा चहा घेतला, पण शेजारी वाटी नेली नाही. हा मी माझा स्वाभिमान समजत होते.

ऑगस्टातल्या एका रात्री मुलीला फणफणून ताप चढला. यजमान कामानिमित्त आसनसोलला गेलेले. बाहेर धो धो पाऊस, रस्त्यात गुडघाभर पाणी. मुलगी बरळू लागली तेव्हा सगळा स्वाभिमान गळाला आणि मी शेजारचे दार ठोठावले. दार उघडले, पण माझ्या तोंडून हिंदी शब्दच फुटेना. "ताप, ताप" म्हणत राहिले. बाई गोंधळल्या. एकाएकी आमच्या आजोबांचा शब्द आठवला, आणि म्हटले, "ज्वर!" बाई ओरडल्या, "जॉर?" आणि अनवाणीच आमच्या घरात धावल्या. त्यांच्या मुलाने पाण्यातून जाऊन डॉक्टर आणला. बाई पहाटेपर्यंत माझ्या मुलीच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसल्या.

ताप उतरल्यावर त्यांनी मला चांगलेच फैलावर घेतले. "दोन महिने शेजारी राहतेस, कधी एक मिरची मागायला आली नाहीस. आम्हाला वाटले, मुंबईची माणसे, गर्विष्ठ असतील!" भगिनींनो, मी ज्याला भीड समजत होते, ते त्यांना गर्व वाटत होते.

त्या दिवसापासून दार उघडे झाले. मुलीला सांगितले, सूनबाईंना "माशी" म्हण. ती पोट धरून हसली, "आई, एवढ्या चांगल्या बाईंना माशी म्हणू?" बंगालीत माशी म्हणजे मावशी. पाणी प्यायचे नसते, "खायचे" असते. पण संसाराला त्यांच्यातही संसारच म्हणतात आणि रागाला रागच. मुलीच्या पुस्तकावरून मीही अक्षरे गिरवली. काना-मात्रांची रीत आपल्यासारखीच. सहा महिन्यांत दुकानांच्या पाट्या वाचू लागले.

एकदा बाई नातवाला झोपवताना अंगाई म्हणत होत्या. तीत "बर्गी" आल्याची भीती घातलेली. मी विचारले, बर्गी म्हणजे कोण? बाई गप्प. मग मुलगा संकोचत म्हणाला, "तुम्हीच!" १७४२ पासून दहाएक वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत. त्यांतले बारगीर ते बर्गी. त्यांच्या धाकाने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बागबाजारात त्याच्या नावाची मराठा डिच लेन अजून आहे. शाळेत मी मराठ्यांच्या पराक्रमाचे धडे वाचले, पण त्यांच्या नावाने इथल्या आया मुलांना झोपवतात हे कोणी सांगितले नव्हते. मला खाली मान घालावीशी वाटली. बाईच हसून म्हणाल्या, "ते बर्गी न मागता नेत, आमची ही बर्गीण मागायलासुद्धा तयार नव्हती!"

त्यांच्या मुलानेच सखाराम गणेश देउस्कर यांचेही नाव सांगितले. घराण्याने मराठी, पण त्यांनी बंगालीत "देशेर कथा" हे पुस्तक १९०४ मध्ये लिहिले आणि इंग्रज सरकारने ते पुढे जप्त केले. म्हणजे इथे आपले नाव भीतीचेही आहे आणि प्रेमाचेही. पुढे कोणते ठेवायचे, ते आपल्या वागण्यावर आहे.

त्याच वर्षी कोजागरी आली. त्यांच्याकडे त्या रात्री लक्ष्मीपूजा असते. दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावले काढतात, आपण गौरीची काढतो तशी. मी केशरी दूध आटवले आणि वेलची कमी पडली. या खेपेस वाटी घेऊन सरळ शेजारी गेले. बाईंनी वेलची दिली आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "बघ, आता ही आपली झाली!"

म्हणून नव्या भगिनींना एवढेच सांगते. मंडळात जरूर या, मराठी बोला, तिळगूळ वाटा. पण घरी जाल तेव्हा शेजारचे दार ठोठवा आणि काहीतरी मागा. देणे सोपे असते, त्यात आपला मान राहतो. मागण्यात तो थोडा बाजूला ठेवावा लागतो. पण माणसे त्यानेच जोडली जातात.