मुक्काम आणि वास्तव्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला शाळेने सुरू ठेवली आहे, त्यांच्या नावाने येथे उभे राहण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी या शाळेचा विद्यार्थी नव्हे. मात्र गुरुजींच्या हयातीत जी मंडळी त्यांच्याकडून काही ना काही शिकली आणि ज्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नाहीत, त्यांच्यात माझी गणना करावी, अशी विनंती आहे.

मराठीचा प्राध्यापक म्हटल्यावर संतवाङ्मयावर किंवा नवकवितेवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. मी आज विषय निवडला आहे तो घराचा. म्हणजे शहरात नोकरी करणाऱ्या माणसाने शहराबाहेर राहावयाचे ठरविले, तर गाव कसे निवडावे, याचा. निमित्त घरगुती आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने गेल्या वर्षी मला दूरध्वनीवरून विचारले, "बाबा, घर वाकडला घेऊ की तळेगावला?" वाकड कचेरीच्या जवळ; तळेगाव दूर, पण हवा चांगली आणि पुण्याला जावयास लोकल. मी त्याला उत्तर देऊ लागलो आणि मध्येच थांबलो. चाळीस वर्षांपूर्वी मी स्वतः असेच एक गाव निवडले होते. ते निवडताना काय चुकले, ते मी त्याला कधी सांगितले नव्हते. जे चुकले त्याचा संबंध त्याच्याशीच होता.

प्रथम थोडा इतिहास पाहू. शहर सोडून बाहेर राहावयास जाणे ही आपल्याकडे हौसेने सुरू झालेली गोष्ट नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो देशभर पसरला. आपल्या भागातही प्लेगाच्या दिवसांत लोक भरले गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, ही आठवण जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत रुंद रस्ते पाडणे आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला मोकळी, आखीव वस्ती वसविणे हे त्याने हाती घेतले. योगायोग असा की, त्याच १८९८ साली इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड यांनी उद्याननगरांची कल्पना मांडणारे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १९०३ साली लेचवर्थ येथे तसे पहिले नगर उभारावयास प्रारंभ झाला. शहराची सोय आणि खेड्याची हवा माणसाला एकाच ठिकाणी मिळावी, ही ती कल्पना. आज प्लॉटच्या प्रत्येक जाहिरातीत तेच आश्वासन असते. हॉवर्ड यांच्या विचारात मात्र आणखी एक गोष्ट होती, जी जाहिरातीत नसते. त्या नगराची जमीन तेथील समाजाच्या मालकीची असावी आणि तिचे वाढते मोल सर्वांच्या कामी यावे.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण घ्यावयाचे तर मी पार्ल्याचे घेईन. विसाव्या शतकाच्या आरंभी पार्ले हे मुंबईबाहेरचे गाव होते. नोकरदार माणसे तेथे राहत आणि आगगाडीने शहरात जात. या मंडळींनी १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय काढले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. लोकमान्य जाऊन तेव्हा जेमतेम एक ते तीन वर्षे झाली होती. कामधंद्यासाठी रोज मुंबईला जाणाऱ्यांनी मुलांची शाळा मात्र राहत्या गावातच असावी, असे ठरविले. याच शाळेत शिकलेले पु. ल. देशपांडे पुढे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवावयास आले, हे आपणांस ठाऊकच आहे. पार्ले हे पार्ले झाले ते स्टेशनामुळे खरे. पण स्टेशन तर त्या लोहमार्गावर पुष्कळ गावांना होते.

आता आपल्या बेळगावकडे येऊ. हे शहर मुळातच तुकड्यातुकड्यांनी जुळलेले आहे. किल्ला वेगळा, कॅम्प वेगळा, आणि शहापूर तर संस्थानी काळात सांगलीकरांचे. ज्या माळावर डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेथे आज टिळकवाडीची वस्ती आहे. त्या वेळची काँग्रेस विहीर तेवढी खूण म्हणून राहिली. शहर असे माळ घेत, शेते घेत पुढे सरकत जाते. वेंगुर्ले रस्त्याने पश्चिमेकडे सरकत ते आपल्या हिंडलग्याशी आले.

हिंडलग्याचे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते बहुधा तुरुंगामुळे. सीमाभागातल्या मराठी माणसाला ते आणखी एका कारणाने ठाऊक असते. १९८६ सालच्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात जे हुतात्मे झाले त्यांचे स्मारक येथे आहे, आणि दर १ जूनला माणसे तेथे जमतात. तिसरी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. राकसकोपच्या जलाशयाचे पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनातून शहराला जाते. म्हणजे शहराचे पाणी या गावावरून जाते, शहराची भाजी, दूध, तांदूळ, रताळी या पट्ट्यातून जातात. आणि उलट दिशेने शहरातून येतात ती घर शोधणारी माणसे. त्यांतलाच मी एक.

१९८४ साली मी येथे जागा घेतली. महाविद्यालय पाच-सहा किलोमीटरांवर, सायकलच्या टप्प्यात. शहरातल्या भावाच्या मानाने गुंठा परवडणारा. जागा पाहिली ती मे महिन्यात. जमीन खणखणीत कोरडी, वाऱ्याला आडकाठी नाही, पलीकडे आंब्याची दोन झाडे. माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला आणखी काय हवे होते? आषाढात घराच्या जोत्यातून पाणी वर आले. पुस्तकांची सर्वांत खालची ओळ भिजली. तीत माझ्या प्रबंधाची टिपणेही होती. शेजारचा शेतकरी पाहावयास आला आणि शांतपणे म्हणाला, "सर, ही भाताची जमीन. पाणी इथलं जुनं आहे, तुम्ही नवे."

म्हणून माझा पहिला व्यावहारिक सल्ला असा की, जागा मार्गशीर्षात आवडली तरी ती आषाढात पाहिल्यावाचून घेऊ नये. पाणी कोठून येते, याची चौकशी सारेच करतात. ते कोठून जाते, याचीही करावी. दुसरी चौकशी शेवटच्या बसची. सकाळच्या बसा पुष्कळ असतात. रात्री आजारी माणसाला घेऊन जावयाचे झाले, किंवा नाटक पाहून परतावयाचे झाले, तर काय, यावर त्या गावाचे शहराशी असलेले खरे अंतर ठरते. तिसरी चौकशी कागदांची. जमीन बिगरशेती झाली आहे काय, उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, रस्ता कागदावर आहे की केवळ वहिवाटीचा आहे, हे स्वतः वाचून पाहावे. आपल्या भागात तो उतारा कन्नडमध्ये असतो. मला तो वाचता येत नव्हता, आणि तेथेच माझी गुरुजींशी पहिली गाठ पडली.

संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर माणसे कागद घेऊन बसलेली असत. कोणाची नोटीस, कोणाचा उतारा, कोणाचा बँकेचा कागद. मराठी शाळेचे कडवे अभिमानी असलेले गुरुजी ते कन्नड कागद घडाघडा वाचत आणि मराठीत समजावून सांगत. मी एकदा आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा ते म्हणाले, "आपली भाषा टिकवायची तर शेजारची येऊ नये, असं कुठं आहे? सक्तीला विरोध वेगळा आणि भाषेचा राग वेगळा." पुढे त्यांनीच मला कन्नड अक्षरे गिरवावयास लावली. पीएच.डी. झालेल्या माणसाच्या पाटीवरची ती अक्षरे पाहून ओट्यावरची मुले हसत असत.

आमच्या वास्तुशांतीला गुरुजी आले. जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारले, "सर, मुलाचं नाव कधी घालायचं?" माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याचे नाव मी शहरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्याचे ठरवून टाकले होते. मी चाचरत कारणे सांगितली. पुढचे शिक्षण, नोकऱ्या, सीमाभागातली अनिश्चितता. गुरुजींनी वाद घातला नाही. उठताना एवढेच म्हणाले, "म्हणजे सर, तुम्ही आमच्या गावात मुक्कामाला आलात. राहायला यायचं अजून आहे."

मित्रहो, मी आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगून पोट भरले. बिऱ्हाड आणि घर, वस्ती आणि वास्तव्य यांतील छटा मी वर्गात तास तास उलगडून दाखविल्या. पण मुक्काम आणि राहणे यांतील फरक मला त्या दिवशी, माझ्याच दारात, सुपारीच्या खांडासारखा हातावर ठेवला गेला. राग आला, हे खोटे कशाला सांगू? आणि राग आला तरी मी निर्णय बदलला नाही, हेही आज सांगावयास हवे. माझा मुलगा रोज सकाळी आपल्याच दारासमोरच्या शाळेकडे पाठ करून बसला बसे. गावातली मुले त्याला नावाने ओळखत नव्हती. तो 'सरांचा मुलगा' होता. सुटीच्या दिवशी त्याला खेळावयास कोणी नसे. तो शिकला, चांगली नोकरी करतो, माझी काळजी घेतो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र माझी पुस्तके तो वाचू शकत नाही. सरावाअभावी दोन पानांत थकतो. हा दोष त्याचा नव्हे, त्याच्या शाळेचाही नव्हे.

माझ्या एकट्याची ही गोष्ट असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. माझ्यामागून या रस्त्याला किती घरे झाली, आपण पाहताच. सकाळी व्हॅन आणि रिक्षा मुलांना भरून शहराकडे जातात. आणि सीमाभागातल्या मराठी शाळांचे पट उतरत चालले आहेत. शहरातून खेड्यात राहावयास आलेल्या शिकलेल्या माणसाने त्या शाळेचे बळ वाढवावयास हवे होते. त्याऐवजी त्याने पाठ फिरविली, आणि त्याचे पाहून गावकऱ्यानेही फिरविली. प्राध्यापकाचा मुलगा जेथे जातो, तेथे आपलाही जावा, असे शेतकऱ्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? आम्ही गावाची हवा घेतली, जमीन घेतली, आणि जाता जाता गावाचा स्वतःच्या शाळेवरचा विश्वासही घेतला. या हिशेबात माझे नाव वरच्या ओळीत आहे.

गावात राहणे म्हणजे काय, याचे दुसरे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई यांचे 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. पुण्या-मुंबईस बिऱ्हाड करणे त्यांना अवघड नव्हते. पण १९९२ साली ते वारले तोवर त्यांच्या नावाला कोवाड जोडलेलेच राहिले. ते तेथलेच होते, आणि आपल्यासारख्या उपऱ्यांना ते भाग्य जन्माने मिळत नाही, हे खरे. म्हणूनच उपऱ्याला ते कामाने मिळवावे लागते.

गुरुजींचे म्हणणे मला उशिरा पटले. निवृत्तीनंतर मी या शाळेत शनिवारी वाचनाचा तास घेऊ लागलो. प्रथम सहा मुले येत. त्यांतली दोन पावसामुळे अडकलेली. ओट्यावरचे कागद आता माझ्याकडे येतात. माझे कन्नड गुरुजींइतके घडाघडा नाही; अक्षर लावीत लावीत वाचतो. एकदा एक म्हातारी नोटीस घेऊन आली आणि मी ती वाचून दाखविल्यावर म्हणाली, "गुरुजी असते तर लवकर झालं असतं." पण दुसऱ्या दिवशी ती शेजारणीलाही घेऊन आली. वास्तुशांतीनंतर किती वर्षांनी मी येथे राहावयास आलो, ते आपणच मोजा.

मुलाला मी अखेर उत्तर दिले. म्हटले, "वाकड घे की तळेगाव घे, ते तुझ्या कचेरीच्या वेळांवर ठरव. पण पैसे देण्यापूर्वी एकदा भर पावसात जा, एकदा रात्रीच्या शेवटच्या गाडीने जा, आणि एकदा सकाळी साडेदहाला तेथल्या शाळेच्या दाराशी उभा राहा. तुझ्या मुलीला तेथे पाठवावेसे वाटले, तर ते गाव घे. वाटले नाही, तर ती शाळा सुधारायला तू काय करशील, तेवढे ठरव आणि मग घे." तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही मला नाही पाठवलं."

मी म्हटले, "म्हणूनच सांगतो आहे."

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण आज पुणे, मुंबई, बंगळूर येथे आहेत आणि याच प्रश्नापाशी उभे आहेत. काही जण निवृत्त होऊन परत येण्याचा विचार करीत आहेत. त्यांचे स्वागत आहे. त्यांनी जागा पाहावयास यावे ते आषाढात यावे, आणि शनिवारी यावे. वाचनाच्या तासाला माणसांची गरज आहे.