सामानापाशी कोण बसणार?

(गुंजवणे येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपण बसलो आहोत तिथून मान वर केली की राजगड दिसतो. पण मी आज गडाबद्दल कमी आणि सुट्टीबद्दल जास्त बोलणार आहे. रविवारी पुण्याहून गाड्या भरून कुटुंबं येतात, चोरदरवाज्याची वाट चढतात. ‘कुटुंब सहलीला गेलं’ असं आपण म्हणतो. त्यात सहल कुणाची होते आणि काम कुणाचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची सात माणसं गडावर आलो. पहाटे चारला उठून पोळ्या-भाजी बांधली ती जाऊबाईंनी आणि मी. पद्मावती माचीवर पोचल्यावर बालेकिल्ल्यावर जायचं ठरलं. चढण खडी आहे. सासूबाई लगेच म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन, मी बसते सामानापाशी.” त्या दमल्या नव्हत्या. पण सामानापाशी कुणीतरी बसायचं, आणि ते बाईनं, हे इतकं अंगवळणी पडलेलं! मी म्हटलं, “बाबांनी बालेकिल्ला तीनदा पाहिलाय. आज ते बसतील.” थोडी कुरकुर झाली, पण बसले. सासूबाई महादरवाज्यातून आत गेल्या, तोरण्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. उतरताना म्हणाल्या, “इतक्या सहली झाल्या गं, पण सामान न सांभाळता पहिल्यांदाच काही बघितलं.”

हे एका घरचं गाऱ्हाणं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो. जे पुरुष घरकाम करतात, त्यांचा ८८ मिनिटं. सहलीच्या दिवशी हे काम सुटत नाही, ते फक्त डोंगर चढून वर येतं. त्यात आडोसा मिळेल की नाही या धास्तीनं कितीतरी जणी उन्हात चढतानाही पाणी पीत नाहीत. याला मौज कसं म्हणायचं?

आणि इथल्या बायकांचं काय? पाहुण्यांचा रविवार तो आपल्या कामाचा वार. ताकाची कळशी, लिंबं, भाकरीचं पीठ डोक्यावर घेऊन चढायचं, संध्याकाळी उतरून पुन्हा चूल पेटवायची. आलेली बाई आणि ताक विकणारी बाई, दोघींनाही सुट्टी नाही. म्हणून या दोघींनी एकमेकींशी बोललं पाहिजे.

गडाचा इतिहासही असाच सांगितला जातो. लढाया पाठ असतात. पण १६५९ साली सईबाई याच गडावर वारल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम दोन वर्षांचे होते. त्यांना अंगावर पाजणाऱ्या धाराऊ आजच्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या. ते मूल वाढवलं जिजाबाईंनी. म्हणजे राज्य उभं राहत होतं तेव्हा मागची बाजू बायका सांभाळत होत्या. सईबाईंची समाधी पद्मावती माचीवर आहे. मुलांना तिथं थांबवून हे सांगा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात राजगड आहे. आनंदच आहे. पण आता गर्दी वाढेल, नवे नियम येतील. ते ठरवताना या गावातल्या बायकांना बोलावलं जाणार का? की ताकवालीला ‘अतिक्रमण’ म्हणून हटवून पायथ्याशी कुणा मोठ्याचं हॉटेल उभं राहणार?

म्हणून तीन गोष्टी सुचवते. पायथ्याशी बायकांसाठी पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहं हवीत, हा ठराव महिला ग्रामसभेत घ्या. ताक-भाकरी विकणाऱ्या बायकांचा गट करून त्यांच्या जागेची मागणी लेखी द्या. आणि ज्या सहलीला येतील त्यांनी घरून निघतानाच ठरवावं, की डबा कोण करणार, मुलांकडे कोण बघणार, आणि सामानापाशी आज कोण बसणार.