वल्गुली : रानातील आणि कथेतील



निसर्ग-अभ्यासाचा तास आणि गोष्टीचा तास हे शाळेच्या वेळापत्रकात निरनिराळे लिहिलेले असतात. बालकाच्या मनात मात्र त्यांच्यामध्ये भिंत नसते. चिऊताईच्या मेणाच्या घराची गोष्ट ऐकलेले मूल दुसऱ्या दिवशी वळचणीतील घरट्यात डोकावून मेण शोधू लागते. तेथे त्यास काड्या, कापूस आणि पिसे सापडतात. अशा वेळी शिक्षकाने गोष्ट खोटी ठरवावी की मुलाचे निरीक्षण दडपून टाकावे? दोन्ही गोष्टी अनिष्ट आहेत. कथेतील पक्षी व रानातील पक्षी यांची एकमेकांशी ओळख करून देणे हाच योग्य मार्ग होय. तो कसा चोखाळावा, हे वल्गुली नावाच्या एका चिमुकल्या पक्ष्याच्या उदाहरणाने पाहता येईल.

वल्गुली हा पक्षी चिमणीहून थोडासा लहान असतो. सह्याद्री, सातपुडा व इतर वृक्षयुक्त डोंगराळ प्रदेशात तो आढळतो. डोके व गळा काळेभोर, गालावर शुभ्र ठिपका, पाठ राखी, पंखावर एक पांढरी पट्टी, आणि गळ्यापासून पोटाच्या मध्यभागी उतरणारा काळा पट्टा, एवढ्या खुणा ध्यानात ठेवल्या म्हणजे ओळखण्यात चूक होत नाही. पक्ष्यांच्या मराठी सूचीत त्यास 'राखी वल्गुली' म्हणतात. याची शेंडीदार, पिवळ्या अंगाची एक बहीणही आपल्या डोंगरांत राहते. युरोपातील जातभाई थोडा मोठा असून त्याचे पोट पिवळे असते.

वल्गुली घरटे उघड्या फांदीवर बांधीत नाही. झाडाची ढोली किंवा भिंतीतील भोक शोधून आत ती मऊ शेवाळ, केस व लोकर यांची गादी करते. त्यात सामान्यतः चार ते सहा अंडी असतात. ती पांढरी असून त्यांवर तांबूस ठिपके असतात. अंड्यांवर बसलेल्या मादीच्या ढोलीत कोणी हात घातला तर ती सापासारखा फूत्कार करते. अंधाऱ्या भोकातून आलेला तो आवाज ऐकून हात घालणारा दचकून मागे सरतो. देहाने दुबळ्या प्राण्यास निसर्गाने दिलेले हे संरक्षण आहे.

तिचे मुख्य अन्न म्हणजे कीटक, त्यांची अंडी, अळ्या व सुरवंट. कठीण कवचाचे बी मिळाले तर ते पायाखाली दाबून ती चोचीने फोडते. पिल्ले असताना तर नर-मादीस विश्रांती अशी नसतेच. युरोपातील मोठ्या वल्गुलीच्या जोडीने एका दिवसात शेकडो फेऱ्या केल्याचे मोजले गेले आहे. हॉलंडमधील सफरचंदाच्या बागांत या पक्ष्यांचा काय उपयोग होतो याचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पक्षी जितका अधिक काळ बागेत चरतात तितकी अळ्यांनी होणारी हानी कमी होते, आणि दर झाडामागे फळ ४.७ किलोवरून ७.८ किलोपर्यंत वाढते, असे त्यात दिसून आले. बेचकी घेऊन हिंडणाऱ्या मुलास केवळ 'मारू नकोस' असे सांगण्यापेक्षा हा हिशेब त्याच्याकडून फळ्यावर करून घेतला, तर तो त्याच्या अंगी अधिक मुरेल.

हा पक्षी आकाराने लहान असला तरी बुद्धीने लहान नाही. इंग्लंडात पूर्वी दुधाच्या बाटल्या पहाटे घरोघरी दारात ठेवीत. १९२१ साली साउदॅम्प्टनजवळील स्वेदलिंग येथे पक्षी बाटलीचे झाकण फोडून साय खात असल्याचे प्रथम आढळले. पुढे ही विद्या गावोगाव पसरली. जेम्स फिशर व रॉबर्ट हाइंड यांनी १९४९ साली तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ऑक्सफर्डजवळील वायथम वनात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याच गोष्टीची कसोटी लागली. एका पेटीचे दार डावीकडे किंवा उजवीकडे सारले की आत खाऊ मिळे. प्रत्येक टोळीतील दोनच पक्ष्यांस एक रीत शिकविली, आणि थोड्याच दिवसांत बहुसंख्य टोळी त्याच रीतीने दार उघडू लागली. शिक्षकाचे काम किती दूरवर पोहोचते, याचा दाखला पक्ष्यांच्या शाळेतही मिळतो.

याहूनही विस्मयकारक शोध जपानमध्ये लागला. तोशिताका सुझुकी या संशोधकाने तेथील वल्गुलीच्या हाका वर्षानुवर्षे रानात बसून ऐकल्या. ढोलीजवळ कावळा आला की आईबाप एक हाक देतात, आणि पिल्ले ढोलीच्या तळाशी दबून बसतात. साप आला की वेगळीच हाक उठते, आणि उडण्याजोगी झालेली पिल्ले तत्काळ ढोलीबाहेर झेप घेतात. कावळ्याची चोच तळापर्यंत पोहोचत नाही, साप मात्र आत शिरतो. म्हणून एका संकटात दबणे आणि दुसऱ्यात पळणे हेच हिताचे. पुढे २०१६ साली सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, 'सभोवार पाहा' आणि 'जवळ या' अशा अर्थाच्या दोन हाका हे पक्षी ठराविक क्रमाने जोडतात. तो क्रम उलटा करून ऐकविला तर ऐकणारे पक्षी तसा प्रतिसाद देत नाहीत. पक्ष्याचा चिवचिवाट म्हणजे अर्थहीन गलका, ही समजूत यामुळे मागे पडली.

आता कथेतील वल्गुलीकडे वळू. इंग्रजीत हिला 'टिटमाउस' म्हणतात. या शब्दात उंदीर आहे असे वाटते, परंतु तसे नाही. जुन्या इंग्रजीत 'मासे' हे या लहान पक्ष्याचेच नाव होते. लोकांस त्याचा विसर पडला आणि सरावातल्या 'माउस' शब्दाचा साचा त्यावर बसला. 'टिट' ऐकून आपल्यास टिटवी आठवावी हेही साहजिक आहे. परंतु टिटवी हा माळावर व पाणथळ जागी वावरणारा, लांब पायांचा, अगदी निराळा पक्षी होय. नावातील साम्य हे नात्याचे प्रमाण नव्हे, हे मुलांना शिकविण्यास हा चांगला दाखला आहे.

रशियात 'आभाळातल्या क्रौंचापेक्षा हातातली वल्गुली बरी' अशी म्हण आहे. तेथील प्रसिद्ध नीतिकथाकार इव्हान क्रिलोव्ह याने १८११ साली वल्गुलीवर एक कथा लिहिली. आपण समुद्र पेटवून देणार अशी बढाई मारीत एक वल्गुली समुद्राकडे निघाली. बातमी चहूकडे पसरली. पक्ष्यांचे थवे आले, रानातील श्वापदे धावली. उकळत्या समुद्रातील माशांचे सार फुकट ओरपावयास मिळेल म्हणून काही लोक चमचे घेऊन किनाऱ्यावर जमले. समुद्र पेटला नाही, उकळलाही नाही. वल्गुली लाजेने घरट्यात परतली. काम पुरे होण्याआधी त्याचा डांगोरा पिटू नये, हे या कथेचे तात्पर्य. परंतु वर्गात एक प्रश्न अवश्य विचारावा : हसे एकट्या वल्गुलीचेच झाले काय? चमचे घेऊन आलेल्यांना काय म्हणावे?

आपल्या पंचतंत्रातही एका लहान पक्ष्याने समुद्राशी मांडलेला दावा आहे. समुद्राने टिट्टिभाची, म्हणजे टिटवीच्या जोडप्याची, अंडी ओढून नेली. टिट्टिभाने प्रथम चोचीने समुद्र शोषून टाकण्याची गोष्ट काढली. पण तेवढ्यावर न थांबता त्याने इतर पक्ष्यांस एकत्र केले. ते सर्व गरुडाकडे गेले, गरुडाने विष्णूकडे गाऱ्हाणे नेले, आणि समुद्रास अंडी परत द्यावी लागली. दोन्ही कथांत पक्षी लहान व समुद्र अफाट आहे. एकीत पक्षी बढाईसाठी निघतो व हरतो; दुसरीत पिल्लांसाठी झगडतो, सोबती जमवितो व जिंकतो. या दोन कथा शेजारी ठेवल्या की मुले तात्पर्य पाठ करीत नाहीत, स्वतः शोधून काढतात.

तिसरी कथा अमेरिकेतील चेरोकी या मूळ रहिवासी लोकांची आहे. जेम्स मूनी याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ती आलेली आहे. त्यांच्या डोंगरात एक राक्षसीण राहत असे. तिची कातडी दगडाची आणि उजव्या हाताचे एक बोट भाल्यासारखे होते. म्हातारीचे रूप घेऊन ती मुलांना जवळ बोलावी व त्यांचे काळीज काढून खाई. लोकांनी खड्डा खणून तिला त्यात पाडले; परंतु बाण दगडी अंगावर आपटून मोडू लागले. तेवढ्यात झाडावर वल्गुली येऊन 'उन्, उन्' असे गाऊ लागली. चेरोकी भाषेतील हृदयाच्या शब्दाची सुरुवात याच उच्चाराने होते. 'छातीवर नेम धरा असे ही सांगते,' असे योद्ध्यांना वाटले. त्यांनी छातीवर बाण सोडले. तेही फुकट गेले. तेव्हा रागावून त्यांनी वल्गुलीस धरले व तिची जीभ छाटली. तेव्हापासून तिची जीभ आखूड आणि ती खोटारडी ठरली. मग तिच्याच कुळातील चिकडी नावाचा दुसरा पक्षी आला आणि मुकाट्याने राक्षसिणीच्या उजव्या हातावर बसला. तिचे हृदय त्या मुठीत दडलेले होते! योद्ध्यांनी तेथे बाण मारला आणि ती मेली. चिकडी सत्यवादी म्हणून मान पावली. ती घराजवळ आली म्हणजे दूर गेलेले माणूस सुखरूप परत येते, असे ते लोक मानीत.

ही कथा मुलांना सांगावीच; पण ती शिक्षकांनी स्वतःसाठीही एकदा वाचावी. वल्गुली 'उन्' एवढेच म्हणाली होती. 'छातीवर नेम धरा' हा अर्थ ऐकणाऱ्यांनी जोडला. हृदय हाच नेम खरा होता. ते कोठे आहे हे मात्र तिने सांगितले नव्हते. म्हणजे तिचे बोलणे खोटे नव्हते, अपुरे होते. चूक ऐकणाऱ्यांची, आणि जीभ गेली ती बोलणाऱ्याची!

वर्गात असे प्रसंग नित्य घडतात. पहिलीतील मूल घरच्या बोलीत, अडखळत, अर्धेच उत्तर देते. शिक्षक आपल्या कल्पनेने ते पुरे करतो, त्यास चूक ठरवितो आणि मुलास उभे करतो. मुले हसतात. त्या दिवसानंतर ते मूल उत्तर देईनासे होते. त्याच्या हजेरीत खंड पडत नाही, अहवालात काही दिसत नाही. परंतु एक जीभ आखूड झालेली असते. याउलट, तीच पाखरे जपानच्या रानात एका माणसाने वर्षानुवर्षे धीराने ऐकली, तेव्हा कावळा व साप यांसाठी त्यांच्या निरनिराळ्या हाका आहेत हे जगास कळले. पाखराचे बोल आणि बालकाचे बोल यांस एकच न्याय लागू पडतो : अर्थ ठरविण्यापूर्वी पुन्हा एकदा ऐकावे.

या विषयाच्या अनुषंगाने शाळेत पुढील कामे सहज करता येतील.

(१) गावच्या शिवारातील जुन्या, ढोली असलेल्या झाडांची यादी वरच्या वर्गाने करावी. वाळलेले खोड निरुपयोगी समजून तोडले जाते, आणि ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांचा निवारा जातो. वल्गुलीच्या कुळातील एक काळी-पांढरी जात पश्चिम व दक्षिण भारतातील काही काटेरी वनांतच उरली आहे. तिच्या ऱ्हासामागे ढोलीच्या झाडांची तूट हे एक कारण आहे.

(२) पक्ष्यांची नोंदवही ठेवावी. दिनांक, जागा, पक्षी व तो काय करीत होता, एवढेच चार रकाने पुरेत. वायथम वनात १९४७ पासून वल्गुलीच्या घरट्यांची अशीच नोंद होत आली आहे. तिच्यावरूनच १९६१ ते २००७ या काळात तेथील अंडी घालण्याचा सरासरी दिवस सुमारे १४ दिवस अलीकडे आल्याचे समजले. वसंत ऋतू लवकर येऊ लागल्याची ही साक्ष आहे. नोंद साधी असली तरी सातत्याने मोठी होते.

(३) घरट्यास हात लावू देऊ नये. दुरून पाहणे व ऐकणे हाच पाठ समजावा.

(४) घरातील वृद्धांकडून पक्ष्यांची स्थानिक नावे व गोष्टी मुलांनी विचारून आणाव्यात. प्रत्येक गोष्टीनंतर दोन प्रश्न विचारावेत : खरा पक्षी असे करतो काय? आणि गोष्टीत त्यास असे करावयास का लावले असेल? पहिल्या प्रश्नाने डोळा तयार होतो, दुसऱ्याने मन.

मूल मेण शोधीत घरट्याकडे गेले, तर त्यास रागावू नये. त्याने पाहिलेल्या काड्या व पिसे त्यास सांगू द्यावीत, आणि ते अडखळले तर थांबावे. पुरे वाक्य त्याचे त्यालाच सापडेल.