शहरातील विद्यापीठ की प्रांगणातील महाविद्यालय?

(अमरावती जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपणा सर्वांकडे माणसे एकच प्रश्न घेऊन येतात. मागील उन्हाळ्यात दर्यापूरकडील एक शेतकरी माझ्या कार्यालयात आले. खारपाणपट्ट्यात पाच एकर कोरडवाहू शेती, एक मुलगी, तिला उत्तम गुण. ते म्हणाले, "साहेब, पोरीले पुन्याले धाडू का अमरावतीलेच ठेवू? पुन्याले धाडाचं तं दोन एकर वावर इकाव लागते."

माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. "मुलीला घेऊन चार दिवसांनी या," एवढेच मी त्यांना सांगितले. त्या चार दिवसांत जो विचार केला, तो आज आपणापुढे ठेवीत आहे. कारण दोन एकर जमीन एकदा विकली गेली की ती परत येत नाही, आणि मुलीच्या शिक्षणाची वर्षेही परत येत नाहीत.

वऱ्हाडचा पूर्वानुभव

हा प्रश्न वऱ्हाडला नवा नाही. १९२३ पूर्वी आपल्याकडील मुलाला महाविद्यालयीन शिक्षणासाठी नागपूर, जबलपूर किंवा पुणे गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या वर्षी दोन घटना घडल्या. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. हेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नावाने स्वायत्त संस्था म्हणून कार्य करीत आहे. त्यानंतर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ आले आणि १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अलीकडे रिद्धपूर येथे, म्हाइंभटांच्या लीळाचरित्राच्या भूमीत, मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी घर सोडणे ही सक्ती होती. आज ती निवड आहे. निवड आली की तिच्याबरोबर विचार करण्याची जबाबदारीही येते.

शब्दांचा घोळ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. "मुलाला विद्यापीठात घातले" असे पालक म्हणतात, तेव्हा बहुधा त्यांच्या मनात महाविद्यालय असते. आपल्याकडील बहुतेक पदवी शिक्षण हे संलग्न महाविद्यालयात होते. परीक्षा व पदवी विद्यापीठाची असते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांची पदवी एकाच विद्यापीठाची असते. तेव्हा शहर बदलले म्हणून पदवीचे मोल आपोआप बदलत नाही. अध्यापन, प्रयोगशाळा आणि सोबत मात्र बदलते.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे स्वरूप निराळे. तेथे अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तीनही कामे एकाच प्रांगणातून चालतात. वसतिगृहातून निघालेला विद्यार्थी पायी प्रक्षेत्रावर पोहोचतो. ज्या कपाशीविषयी तो वर्गात ऐकतो, ती त्याला त्याच काळ्या मातीत उभी दिसते. 'पीकेव्ही हायब्रीड-२' हा कपाशीचा संकरित वाण याच विद्यापीठाचा. शेतीचे शिक्षण घेणाऱ्यास असे प्रांगण कोणत्याही महानगरापेक्षा मोठे आहे.

दोन्ही बाजूंचे देणे

तथापि, शहराला उगाच नावे ठेवणे योग्य नव्हे. मोठ्या शहरात अनेक ग्रंथालये असतात, व्याख्याने होतात, स्पर्धा परीक्षांचे वातावरण असते, शिकता शिकता अर्धवेळ काम मिळण्याचा संभव असतो. आणखी एक देणे आपण सहसा बोलून दाखवीत नाही. शहरात कोणी कोणाला ओळखत नाही. गावात ज्याला जातीने ओळखले जाते, किंवा ज्या मुलीच्या प्रत्येक पावलावर गावाची नजर असते, त्यांच्यासाठी हे अनोळखीपणच मोकळा श्वास ठरते. त्याचे मोल कमी लेखू नये.

उलटपक्षी, आपल्या परिसरातील जुन्या प्रांगणात प्राध्यापक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात. दोन दिवस वर्गात न आल्यास कोणीतरी विचारपूस करते. खर्च आवाक्यात राहतो, सणावाराला घरी येता येते, घरच्या अडचणीच्या वेळी शिक्षण तुटत नाही. पण तेथेही उणिवा असू शकतात. विषय पत्रकावर असतो आणि शिक्षकाची जागा रिकामी असते. प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेपुरतेच उघडते. जवळचे म्हणून चांगले असे मानणे ही दूरचे म्हणून चांगले मानण्याइतकीच चूक आहे.

राहणार कोठे?

येथे थोडे स्वतःविषयी बोलण्याची परवानगी असावी. मी कला शाखेचा पदवीधर. पदवी अमरावतीत घेतली आणि पुढील शिक्षणासाठी एका मोठ्या शहरातील विद्यापीठात प्रवेश मिळविला. गुणवत्ता यादीत नाव होते. वसतिगृहाच्या यादीत नव्हते. चौघांत एक खोली, खाणावळीचा वाढता हिशेब आणि घरून येणाऱ्या पैशाची वाट पाहणे यांत पहिले सत्र गेले. दुसऱ्या सत्रात मी परत आलो. दोष शहराचा नव्हता. घरून निघताना "राहणार कोठे?" हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

डॉ. पंजाबराव देशमुखांच्या चरित्राकडे मी तेव्हापासून निराळ्या दृष्टीने पाहतो. पापळसारख्या खेड्यात १८९८ मध्ये जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेला, पुढे एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकला. एवढे दूर जाऊन आलेल्या या पुरुषाने अमरावतीत परतल्यावर आधी काय उभारले? श्रद्धानंद छात्रालय. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची. बहुजनांच्या मुलाचे शिक्षण वर्गाच्या दारात नव्हे, तर भाकरी आणि पथारी यांच्यापाशी तुटते, हे त्यांनी ओळखले होते, असाच अर्थ मी या क्रमाचा लावतो. दूर जाणे त्यांनी निषिद्ध मानले नाही. परंतु जाणाऱ्याची आणि राहणाऱ्याचीही सोय आधी पाहिली.

पाच चौकशा

म्हणून निर्णयापूर्वी पालकांनी पाच चौकश्या कराव्यात, असे मी सुचवितो. पहिली, मुलाला किंवा मुलीला नेमका कोणता विषय हवा आहे? दुसरी, त्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक आणि प्रयोगशाळा प्रत्यक्षात आहेत काय? तिसरी, वसतिगृहात जागा निश्चित आहे काय, आणि नसल्यास महिन्याचा खरा खर्च किती? चौथी, संस्थेची मान्यता व संलग्नता कोणाची? पाचवी, मागील तीन वर्षांत तेथून बाहेर पडलेली मुले आज काय करीत आहेत? ही माहिती पत्रकातून नव्हे, तेथे शिकणाऱ्या मुलांना भेटून घ्यावी.

शासनाच्या सहाय्याची माहितीही वेळेवर पोहोचली पाहिजे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. या योजनांसाठी लागणारे दाखले निकालानंतर काढू लागल्यास मुदत निघून जाते. ग्रामपंचायतीने एप्रिलमध्येच बारावीच्या मुलांची यादी करून दाखल्यांची आठवण दिली, तर तेवढ्यानेही कित्येकांचे वावर वाचेल.

आणखी एक गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही सुरू झाली आहे. मिळविलेली श्रेयांके जमा राहतात व नियमानुसार दुसऱ्या संस्थेत नेता येतात. तेव्हा अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय हा जन्माचा निर्णय नव्हे. जवळ पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी दूर जाता येते.

त्या मुलीचे उत्तर

चार दिवसांनी ते शेतकरी मुलीसह आले. आम्ही कागद घेऊन बसलो. मी तिला विचारले, "बाई, तुला काय शिकायचे आहे?" वडील चमकले, हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता. ती म्हणाली, "संख्याशास्त्र." तो विषय अमरावतीत मिळत होता. शिक्षक होते, मुलींचे वसतिगृह होते. ती अमरावतीस राहिली, जमीनही राहिली. पण तिने निघताना वडिलांकडून एक वचन घेतले: "पदवीनंतर मले जाच असीन तं जाऊ द्यान, बाबा." वडिलांनी मान हलविली. त्या वचनाचा साक्षीदार मी आहे.

तिचा विषय येथे नसता, तर मीच त्यांना पुण्याची वाट दाखविली असती, आणि जमीन न विकता ती वाट कशी चालता येईल याचा हिशेब मांडला असता. मित्रहो, आपल्या गावातील मुलाला गाव सोडायला लावणे किंवा गावात अडवून ठेवणे, हे दोन्ही आपले काम नाही. तो जेथे जाईल तेथे त्याला शिक्षक, छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळेल एवढे पाहणे हे मात्र आपले काम आहे. संत गाडगेबाबांनी आयुष्यभर सांगितले की पोटाला चिमटा घ्या, पण मुलांना शिकवा. तो चिमटा विनाकारण खोल जाऊ नये, याची काळजी आपण घेऊ या.