मूलपेशी काढण्याचा दिवस कसा ठरतो?
(संस्थेच्या आरोग्यविषयक सभेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. परंतु माझ्या थोरल्या बंधूंना मायलोमा हा रक्ताचा कर्करोग झाला आणि त्यांच्याच मूलपेशी काढून, जबर मात्रेचे औषध देऊन, त्या परत सोडण्याचे ठरले, तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

मूलपेशी हाडांच्या मगजात राहतात. रक्तात अगदी थोड्या. त्या बाहेर याव्यात म्हणून जी-सीएसएफची इंजेक्शने रोज देतात. नुसती इंजेक्शने दिली तर साधारण पाचव्या दिवशी त्यांची भरती येते व लवकरच ओसरते. आधी केमोथेरपी दिली असेल तर हा दिवस प्रत्येकाचा निराळा. लवकर यंत्र लावले तर रुग्ण चार-पाच तास खिळून राहतो आणि हाती थोडेच लागते. उशीर झाला तर भरती गेलेली.

पाचव्या दिवशी सकाळी दादांच्या पांढऱ्या पेशी ३८,००० भरल्या. आम्ही खूश. पण डॉक्टर यंत्र लावीनात. मी हुज्जत घातली, आता त्याची लाज वाटते. ते म्हणाले, "ही नुसती गर्दी झाली. आपली माणसे त्यात किती, ते वेगळे मोजावे लागते."

मूलपेशीच्या अंगावर सीडी३४ नावाची खूण असते. फ्लो सायटोमीटर हे यंत्र ती ओळखून पेशी मोजते. दादांचा आकडा आला ७, एका मायक्रोलिटरला. दहाच्या खाली असल्यास सहसा यंत्र लावत नाहीत.

माझ्यातला कारकून जागा झाला. समजा आकडा २० आहे. म्हणजे लिटरमागे २ कोटी पेशी. यंत्रातून १२ लिटर रक्त फिरवले, रक्त तेच, पुन्हा पुन्हा, तर २४ कोटी. यंत्राने निम्म्या पकडल्या तरी १२ कोटी. वजन ६० किलो, म्हणजे किलोमागे २० लाख. रोपणाला लागतात त्या किमान एवढ्याच! सातच्या आकड्यावर ७ लाख मिळाल्या असत्या. दादांचे वजनही साठच.

त्या रात्री प्लेरिक्साफॉर दिले. अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळालेले हे औषध मूलपेशींची मगजातली पकड सोडवते. यंत्र लावण्याच्या सुमारे ११ तास आधी टोचतात. महाग आहे. वहिनींनी पाटल्या गहाण ठेवल्या, त्याही आमच्याच शाखेत; पावती मीच लिहिली.

सकाळी आकडा ३१. लगेच यंत्र लावले. किलोमागे ३० लाखांच्या आसपास पेशी मिळाल्या आणि पिशव्या गोठवून ठेवल्या. रोपण पुढच्याच महिन्यात झाले.

आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर त्या सकाळी डॉक्टरांना सीडी३४चा आकडा विचारा. दादांचे रिपोर्ट मी बरोबर आणले आहेत. विद्यार्थ्यांना पाहायचे असतील तर चहाच्या वेळी दाखवीन. दादाही मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांनाही विचारा.