कचेरीची भिंत आणि चित्रकार



आपल्या अमरावती-अकोल्याच्या एखाद्या बँकेत किंवा जिनिंगच्या कचेरीत शिरावे, तर भिंतीवर संस्थापकांची तसबीर आणि लक्ष्मीचे कॅलेंडर. त्यांना माझी हरकत नाही. पण चित्र विकत घ्या म्हटले की संचालक विचारतात, ‘खर्च कोणत्या खात्यात घालायचा?’

एअर इंडियाने १९५६ साली बी. प्रभा यांची सहा चित्रे घेतली. एकेकाला ८७ रुपये ८ आणे. या बाई नागपूर जिल्ह्यातील बेला गावच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच, आणि तेव्हा अगदी नवख्या. हे काही दान नव्हते. कंपनीने अशीच चित्रे घेऊन देशोदेशींच्या तिकीटघरांत लावली. परक्या प्रवाशाला हिंदुस्थान पहिल्यांदा दिसला तो तिथे! संग्रह हजारोंच्या घरात गेला. नोंदी मात्र ढिल्या राहिल्या, आणि २०१७ साली चित्रे गहाळ झाल्याची ओरड झाली. उरलेला संग्रह २०२३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवावा लागला.

तेव्हा संचालकांना माझे सांगणे एवढेच, की नाव झालेल्यांच्या मागे धावू नका. इथल्या शिकाऊ मुलाचे चित्र घ्या, पैसे रोख द्या, पावती घ्या. मग डेडस्टॉकच्या वहीत खुर्च्या-कपाटांखाली अनुक्रमांक घालून ते चढवा. खाते तिथेच सापडेल.